पिंपाचा माग: अमेरिकेतली दारूबंदी आणि टोळ्यांचा धंदा कसा अभ्यासावा

अमेरिकेतल्या दारूबंदीवर (1920 ते 1933) लिहायला किंवा शिकवायला बसलेले बहुतेक जण शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याच्यापासून सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. त्यातून गुन्हे वाढले एवढं समजतं, पण ते संघटित का झाले हे हाती लागत नाही. त्यासाठी माणसांआधी मालाचा माग काढा: दारू कुठं तयार झाली, कोणत्या रस्त्यानं गेली, वाटेत कोणी हप्ता घेतला. सगळा देश एकदम घेऊ नका. शिकागो, डेट्रॉइट, सिएटल, सिनसिनाटी यांपैकी एक शहर निवडा.

सर्वांत आधी मूळ कायदा वाचा. कागद दोनच आहेत. 18वी घटनादुरुस्ती 16 जानेवारी 1919 ला मंजूर झाली आणि वर्षभरानं, 17 जानेवारी 1920 ला लागू झाली. तिची अंमलबजावणी करणारा व्होल्स्टेड कायदा ऑक्टोबर 1919 मध्ये अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार ओलांडून संमत झाला. वाचताना पेन्सिलीनं दोन रकाने करा, एकात मनाई आणि दुसऱ्यात सवलत. मनाईच्या रकान्यात बनवणं, विकणं, वाहून नेणं, आयात आणि निर्यात येईल. 'पिणं' तिथं येणार नाही, कारण पिण्यावर बंदी कधीच नव्हती. बंदीआधी घेतलेली बाटली घरात ठेवून पाहुण्याला पाजणंही कायदेशीर होतं. अर्ध्या टक्क्याहून कमी मद्यार्क असलेलं पेय चालत होतं. नवख्या लेखात सर्वांत जास्त चुका इथंच होतात.

खरा अभ्यास सवलतींच्या रकान्यात आहे, कारण टोळ्यांच्या हाती जाणारा बराचसा माल तिथूनच निघाला. पुढच्या प्रत्येक वाटेला वेगळं पान द्या.

औषधी व्हिस्की: डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे सुमारे 473 मिली. शिकागोचा वकील जॉर्ज रेमस यानं सिनसिनाटीला जाऊन डिस्टिलऱ्या (दारू गाळण्याचे कारखाने) आणि औषध कंपन्या दोन्ही विकत घेतल्या, सरकारी परवान्यावर माल बाहेर काढला आणि तो आपल्याच माणसांकरवी वाटेत पळवला. (आपल्याकडचा 'परमिट रूम' हा शब्दही 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातल्या परवान्यांतून आला. परवाना आला की त्याचा बाजार कसा भरतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.)

घरगुती वाइन: कुटुंबामागे वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर किंवा हजारभर बाटल्या. म्हणूनच बंदीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागा वाढल्या. इथं टोळ्यांना फारसं काम नव्हतं. पान छोटं ठेवा.

औद्योगिक अल्कोहोल: पिण्याजोगं राहू नये म्हणून त्यात मेथॅनॉलसारखी विषारी द्रव्यं मिसळत. टोळ्यांचे रसायनतज्ज्ञ ती काढायचा प्रयत्न करत आणि पूर्ण काढू शकत नसत. चोरी थांबेना, तेव्हा 1927 च्या सुरुवातीला सरकारनं विषाचं प्रमाण आणखी वाढवलं. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. या पानावर मृतांची नोंद अवश्य ठेवा. मेलेले बहुतेक गरीब होते, कारण कॅनडाहून आलेली बाटली त्यांना परवडत नव्हती.

आयात: कॅनडातल्या विंडसरहून डेट्रॉइट नदी ओलांडून, आणि अटलांटिक किनाऱ्याबाहेर उभ्या जहाजांवरून. सागरी हद्द आधी तीन मैल होती. 1924 मध्ये ब्रिटनशी करार होऊन ब्रिटिश जहाजांची झडती किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेइतक्या अंतरापर्यंत घेता येऊ लागली. छोट्या होड्या मागे पडल्या आणि वेगवान मोटारबोटी घेऊ शकणारेच टिकले.

राहिली बिअर. ही सर्वांत महत्त्वाची वाट, आणि हिचा हिशेब स्वतः मांडा. 50 टक्क्यांच्या एका पाइंट व्हिस्कीत जेवढं अल्कोहोल असतं, तेवढ्यासाठी 4 टक्क्यांची बिअर जवळपास 6 लिटर लागते. व्हिस्कीची बाटली कोटाच्या खिशात मावते. बिअरचं अमेरिकन पिंप 31 गॅलनचं, म्हणजे 117 लिटर. वीस पिंपांत नुसती बिअर 2,300 किलोंवर जाते. ती ब्रुअरीतच, म्हणजे बिअरच्या कारखान्यातच बनते, वास गल्लीभर जातो आणि ट्रकशिवाय हलत नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यानं, पोलिसांच्या नाकासमोरून ती न्यायची तर हप्ता कायमचा लागतो, गुत्त्यांचे इलाके वाटून घ्यावे लागतात आणि इलाका राखायला बंदूक लागते. टोळीचं संस्थेत रूपांतर या वजनानं झालं, असं आमचं ठाम मत आहे.

शिकागोवर हे तपासून पाहा. अर्धा टक्क्याची बिअर बनवण्यासाठी आधी खरी बिअर बनवून तिच्यातलं अल्कोहोल काढत, त्यामुळे परवानाधारक ब्रुअरी हा उत्तम आडोसा होता. जॉनी टोरिओ आणि डीन ओ'बॅनियन या दोन टोळीप्रमुखांची सीबेन ब्रुअरीत भागीदारी होती. छापा पडणार हे कळल्यावर ओ'बॅनियननं आपला हिस्सा टोरिओच्या गळ्यात मारला. मे 1924 मध्ये छापा पडला आणि टोरिओ पकडला गेला. नोव्हेंबरमध्ये ओ'बॅनियनचा त्याच्या फुलांच्या दुकानात खून झाला, जानेवारी 1925 मध्ये टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण कारभार कपोनच्या हाती देऊन बाजूला झाला. ही साखळी ब्रुअरीपासून मांडली तरच तिचा अर्थ लागतो.

आता कोर्टाचे कागद. कपोनच्या खटल्यात पुरावा कसा उभा राहिला, ते पायरीपायरीनं पाहा. 1927 मध्ये सुलिव्हन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा कमाईवरही आयकर लागतो असं ठरवलं. हा मार्ग लावून धरणाऱ्या सहायक ॲटर्नी जनरल मेबल वॉकर विलब्रँट यांचं नाव वगळू नका. कपोनच्या नावावर बँकखातं नव्हतं. शिकागोलगतच्या सिसेरोतल्या जुगारअड्ड्यावर 1926 मध्ये घातलेल्या छाप्यात जप्त झालेली वही करखात्याच्या फ्रँक विल्सनना पुढे सापडली. त्यांनी हस्ताक्षरावरून मुनीम शोधला, त्याला साक्षीला उभं केलं आणि कपोनचा खर्च मोजून दाखवला. आरोप सुमारे 2 लाख 15 हजार डॉलर कर बुडवल्याचा होता. ऑक्टोबर 1931 मध्ये पाच आरोप सिद्ध झाले. शिक्षा 11 वर्षं कैद आणि 50 हजार डॉलर दंड. दारूबंदी खात्याचे अधिकारी एलियट नेस यांच्या पथकानं गोळा केलेले दारूबंदीचे आरोप सुनावणीला आलेच नाहीत, हे ठळक लिहा.

सिएटल निवडलं असेल तर दारूचा तस्कर झालेला माजी पोलीस अधिकारी रॉय ओल्मस्टेड याच्या खटल्याचा 1928 चा निकाल वाचा. फोन चोरून ऐकण्याला न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी मान्यता दिली. धंद्याची रचना त्यातल्या तपशिलात दिसते.

वर्तमानपत्रं वापरा, पण एकट्या बातमीवर आकडा उभारू नका. शिकागो ट्रिब्यूनचा वार्ताहर जेक लिंगल जून 1930 मध्ये मारला गेला आणि त्याचे टोळ्यांशी व्यवहार असल्याचं त्यानंतर उघड झालं. मिळकतीचे आकडे तर बहुधा अंदाजच असतात. वही, साक्ष किंवा निकालात सापडेल तेवढंच पक्कं धरा.

खुनांच्या आकडेवारीत एक खड्डा आहे. राष्ट्रीय मृत्युनोंदणीत तेव्हा सगळी राज्यं नव्हती. एकेक करत ती येत गेली आणि 1933 मध्ये टेक्सास आल्यावर सर्व 48 झाली. नव्यानं आलेल्या अनेक राज्यांत खुनांचं प्रमाण मुळातच जास्त होतं. त्यामुळे 1920 आणि 1933 चे राष्ट्रीय दर सरळ शेजारी ठेवले तर वाढ फुगून दिसते. दोन्ही वर्षी नोंदणीत असलेली राज्यं किंवा एकच शहर घ्या. यकृताच्या सिरॉसिसचे, म्हणजे दारूशी जोडलेल्या यकृताच्या आजाराचे मृत्यूही त्याच तक्त्यात मांडा. ते कमी झाले होते, आणि ही बाजू लपवली तर अभ्यास अर्धवट राहील.

तक्ता 5 डिसेंबर 1933 ला बंद करू नका. त्या दिवशी 21व्या दुरुस्तीनं देशपातळीवरची बंदी उठली, पण राज्यांना ती ठेवायची मुभा राहिली. मिसिसिपीनं ती 1966 पर्यंत ठेवली. 1933 नंतरचा दारूचा खटला सापडला तर आधी त्या राज्याचा कायदा काढून पाहा.