मंडळाचा पैसा कोणत्या संस्थेला द्यायचा, हे कसं ठरवावं

गणेशोत्सवातली शिल्लक वर्गणी असो, माजी विद्यार्थ्यांनी जमवलेला निधी असो, की महिला मंडळानं भरीत-पुरीचा स्टॉल लावून उभी केलेली रक्कम, खानदेशात पैसा जमतो. लोक हात आखडता घेत नाहीत. घोडं अडतं ते कुणाला द्यायचं यावर. त्यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सगळ्यांकडून नावं मागवा आणि हात वर करून ठरवा’. इतका वाईट सल्ला दुसरा नाही.

तुमचं मंडळ नोंदणीकृत नसेल तर गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयातून कलम ४१-क ची परवानगी काढा. संस्थाही पैसे जमायच्या आधीच ठरवा. पैसा कुठे जाणार हे कळलं की देणारा मोकळ्या हातानं देतो.

पहिल्या बैठकीत एकाही संस्थेचं नाव निघू देऊ नका. कोणतं काम, कोणता भाग आणि कोणता महिना, एवढंच ठरवा. महिना सगळे विसरतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुलांना मागे गावात ठेवायचं तर वसतिगृहाच्या हातात पैसा त्याआधी हवा. मार्चअखेर चेक दिलात तर मुलं केव्हाच फडावर पोचलेली असतात. पाड्यांवरचं कुपोषणाचं काम पावसाळ्यात सगळ्यात जड जातं, कारण रस्ते तुटतात आणि घरातलं धान्य संपत आलेलं असतं. तिथे डिसेंबरात कार्यक्रम घेऊन काय साधणार?

आता खरा कठीण टप्पा: नावं. नानांच्या साडूची गोशाळा, ताईंच्या भाच्याचं वाचनालय, शिवाय कुणीतरी म्हणणारच, ‘‘आपलाच मानूस शे, इचारानी काय गरज?’’ गरज आहे. आपला माणूस असेल तर दुप्पट गरज आहे, कारण त्याला नंतर हिशेब मागायला कुणाची जीभ रेटत नाही.

मी एक नियम धरून बसतो आणि तो कुणासाठीही मोडत नाही. ज्याचं संस्थेशी नातं, व्यवहार किंवा पद आहे, त्यानं ते आधी उघड सांगायचं, माहिती द्यायची आणि त्या संस्थेच्या निवडीतून बाजूला व्हायचं. हात वर करून मतदान तर घ्यायचंच नाही. आप्पांचा हात वर गेला की पोरांचे हात आपोआप वर जातात. प्रत्येकानं ठरलेल्या निकषांवर चिठ्ठीत गुण द्यावेत. निवड झाली नाही तर नाव सुचवणाऱ्याच्या तोंडून नकार कळवू नका. अध्यक्षांनी स्वतः फोन करावा आणि कारण स्पष्ट सांगावं. एवढं केलं तर संबंध तुटत नाहीत.

मग भेट. नाव सुचवणारा सोडून दोघांनी जायचं, कामाच्या दिवशी, जेवणाच्या सुमारास, सत्काराची तयारी करायला वेळ न देता. स्वयंपाकघर पाहा, मोरीचे नळ सोडून पाहा, हजेरीपट उघडा. महिनाभराच्या खुणा एकाच पेनानं, एकाच दाबानं, सरळ ओळीत उतरलेल्या दिसल्या तर तो हजेरीपट एका बैठकीत भरलेला आहे. खऱ्या हजेरीपटात शाई बदलते, खाडाखोड असते, बाजाराच्या दिवशी गैरहजेरी वाढते. मुलांना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावत असतील तर नम्रपणे थांबवा. आपल्या देणगीसाठी कोणत्याही मुलाला तमाशा करावा लागू नये.

संस्थाचालकांना एकच प्रश्न नीट विचारा: ‘‘गेल्या वर्षी पैशाअभावी काय राहून गेलं?’’ काम करणारा माणूस लगेच सांगतो, की जीपचं डिझेल संपलं म्हणून चार पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली नाही, किंवा स्वयंपाकीणबाईंचा पगार थकला. ज्याला फक्त ‘भव्य इमारत’ सुचते, तिथे मी थांबतो. ‘आमचा पैसा पगारावर नको, वस्तूंवर लावा’ ही अट कृपा करून घालू नका. नंदुरबारच्या डोंगरात पायी फिरणारी नर्स हेच ते काम आहे. तिचा पगार द्यायचा नाही आणि नाव कोरलेलं कपाट द्यायचं, याला मी मदत मानत नाही.

कागद सोपे आहेत. नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पडताळा, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागा, विश्वस्तांची यादी पाहा. सगळी आडनावं एकच असतील तर निर्णय कोण घेतं हे विचारा. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असणाऱ्यांनी २,००० रुपयांवर रोख देऊ नये. नव्या करप्रणालीत ती सवलत मिळत नाही, हेही आधी सांगून टाका, म्हणजे नंतर तक्रार नको.

संस्था एक निवडा, फार तर दोन. दहा जणांना वाटून दिलं की प्रत्येकाच्या हाती पावती आणि फोटोपुरतं उरतं, आणि एकाचंही वर्ष निघत नाही. चेक संस्थेच्या नावानं काढा, माणसाच्या नावानं कधीच नाही. पहिल्या वर्षी रक्कम दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता पहिल्याचा हिशेब आल्यावर. हिशेब चोख आला तर पुढच्या वर्षी नवी संस्था शोधत बसू नका, तिलाच द्या. आणि हे त्यांना आत्ताच कळवा, म्हणजे स्वयंपाकीणबाईंना जूनमध्ये कामावर या म्हणून सांगता येईल.