जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं जमवायची आणि जपायची कशी?

कोकणात जुने अंक मिळतात. त्यांना पावसाळ्यातून वाचवणं कठीण.

आधी एक धागा धरा. 'मनोरंजन' मासिकानं 1909 मध्ये काढलेला पहिला दिवाळी अंक मिळण्याची आस सुरुवातीला नको. मुखपृष्ठं रंगवणाऱ्या चित्रकारांपैकी दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर निवडा. दोघेही मूळचे गोव्याचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. दलालांनी 1945 मध्ये सुरू केलेला 'दीपावली' हा तर उत्तम आरंभ.

शोध माळ्यावर. चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेले गठ्ठे तिथेच असतात आणि घर दुरुस्तीला काढलं की थेट रद्दीत जातात. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवा. वाचनालयं बाद केलेले अंक काढतात तेव्हाही जा. मात्र बांधणी करताना मुखपृष्ठ कापलेलं नाही ना, ते पाहा. 'आवाज'चा अंक असेल तर खिडकीचित्राची, म्हणजे उघडली की आतलं चित्र दिसतं ती, झडप उघडून बघा, ती बहुधा दुमडीवर फाटलेली असते.

आणि एक कळकळीची विनंती: चौकटीत लावायला मुखपृष्ठ फाडू नका. आतल्या जाहिराती, किंमत, अनुक्रमणिका यांच्याशिवाय ते चित्र पोरकं होतं.

अंक घरी आला की लगेच कपाटात नको. मऊ, कोरड्या ब्रशनं एकेक पान झटका, बुरशी असेल तर अंगणात, नाकाला रुमाल बांधून. मग मधलं पान उघडा. गंजलेल्या पिनांभोवती तांबूस वर्तुळं दिसतील. खाऱ्या, दमट हवेत हा गंज कागद खातो. पिनेचे दुमडलेले पाय पातळ सुरीनं आतून सरळ करा, मग बाहेरून अलगद ओढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका. मी एका मुळगावकरांच्या चित्राला लावली होती. काही वर्षांनी टेप गळून पडली आणि चेहऱ्यावर पिवळा पट्टा राहिला. तो निघत नाही.

कसर लागली असेल तर अंक पिशवीत हवाबंद करून दोन-तीन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर कागदाला पाणी सुटतं. उन्हात वाळवणं टाळा, रंग उडतात.

ठेवताना आपल्या पोथ्यांची रीत घ्या: धुतलेल्या मांजरपाटात बांधून, आडवे, थोडे थोडे. लोखंडी कपाट जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर उचललेलं असू द्या, वाळवी दिसते तरी. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळे गठ्ठे सोडा, सावलीत पसरा, आणि वहीत नोंद करा: वर्ष, चित्रकार, कुठल्या घरातून आला.