टायटॅनियम कार्बाइडयुक्त पोलाद: झीज आणि गंज शोधताना या चुका टाळा

या संमिश्रात पोलादामध्ये टायटॅनियम कार्बाइडचे अतिकठीण बारीक कण रोवलेले असतात. त्याचा भाग लवकर झिजला की पहिला संशय कार्बाइडवर जातो आणि पुढच्या वेळी जास्त कार्बाइडची ग्रेड मागवली जाते. खरी भानगड बहुतेकदा कणांना धरून ठेवणाऱ्या पोलादात असते.

कठीणपणा रॉकवेल सी मापावर ७० च्या आसपास भरला म्हणजे काळजी मिटली, असं समजू नका. तो आकडा कार्बाइड आणि पोलाद यांचा मिळून असतो. टायटॅनियम कार्बाइड सुमारे ३००० विकर्स (कठीणपणाचं दुसरं माप) कठीण, तर क्वार्ट्झची वाळू त्याच्या निम्म्याहूनही कमी. कणाला ओरखडणं वाळूच्या आवाक्याबाहेरचं आहे. ती मधलं पोलाद कोरत जाते आणि आधार सुटला की कण अख्खाच निखळतो. म्हणून झिजलेला पृष्ठभाग आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कणांच्या जागी रिकामे खड्डे असतील तर पोलाद मऊ पडलं असेल, गंजलं असेल किंवा कणांशी नीट बांधलं गेलं नसेल. कणच तडकलेले दिसले तर मार आघाताचा आहे. तिथे कार्बाइड वाढवलं तर दुखणं आणखी वाढेल.

‘कार्बाइड गंजत नाही’ हे वाक्यही जपून वापरा. नायट्रिक आम्लात ते टिकत नाही, हा एक भाग. मोठी अडचण वेगळीच: टायटॅनियम कार्बाइड वीजवाहक आहे. ओलाव्यात ते कॅथोड (सुरक्षित राहणारं टोक) बनतं, शेजारचं पोलाद अ‍ॅनोड (गंजणारं टोक), आणि कणाच्या कडेनेच पोलाद विरघळू लागतं. छिद्रं राहिली असतील तर क्लोराइडला (मिठातल्या गंजवणाऱ्या घटकाला) आयता आसरा मिळतो.

क्रोमियमयुक्त ग्रेड घेतली तरी निर्धास्त होऊ नये. गंज रोखतं ते पोलादात विरघळलेलं क्रोमियम; क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं त्या कामाचं नाही. मार्टेन्सिटिक (तापवून, झटकन थंड करून कठीण केलेल्या) स्टेनलेसचा आधार ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर केला, म्हणजे पुन्हा तापवला, की नेमकं हेच होतं. रासायनिक विश्लेषणाचा कागद चोख असतो आणि भाग तरीही गंजतो. अशा वेळी हीट ट्रीटमेंटची नोंद मागा.

चाचणीतली चूक मला सगळ्यात जास्त खटकते. कोरड्या वाळूची, रबरी चाकाची एएसटीएम (चाचण्यांची मानकं ठरवणारी संस्था) जी ६५ चाचणी करायची आणि भाग बसवायचा खाऱ्या गाळाच्या पंपात! घर्षणाने पृष्ठभागावरचा संरक्षक थर सतत खरवडला जातो, उघडं पडलेलं पोलाद गंजतं, गंजलेलं आणखी सहज झिजतं. एकूण नुकसान दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं. एएसटीएम जी ११९ मधली पद्धत हाच वाढीव हिस्सा वेगळा काढते: नुसती झीज कॅथोडिक संरक्षणाखाली (विजेने गंज थांबवून), नुसता गंज, आणि मग दोन्ही एकत्र.

तुलना वजनातल्या घटीवर करू नका. या संमिश्राची घनता साधारण ६.५, पोलादाची ७.८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. वजनातली घट सारखी असली तरी संमिश्राचा आकार सुमारे २० टक्के जास्त झिजलेला असतो. आकारमानातली घटच मोजा.

ग्राइंडिंगला घट्ट, बोथट चाक लावलं की उष्णतेने वरचं पोलाद मऊ होतं, बारीक भेगाही पडतात. मऊ बंधाचं, मोकळ्या रचनेचं चाक घ्या आणि हलका कट ठेवा. स्पार्कने कापलेल्या भागावरचा वितळून गोठलेला थर काढायलाही विसरू नका. पिटिंगची (गंजाने बारीक खड्डे पडण्याची) सुरुवात तिथून होऊ शकते.