नाताळबाजार ते कॅरिबियन: एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा कशी आखावी

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची आणि त्यातच युरोपातले नाताळबाजार व उष्ण कटिबंधातली क्रूझ बसवायची, असा बेत ठरला की बहुतेक जण लगेच विमानांचे दर पाहू लागतात. माझ्या मते सुरुवात दिनदर्शिकेपासून करावी. या दोन्ही गोष्टींचे हंगाम ठरलेले आहेत आणि ते आपल्या सोयीने सरकत नाहीत. शिवाय सोबत कोणी नसल्यामुळे एखादी तारीख हुकली, तर ती निस्तरण्याचा भार आपल्या एकट्यावरच येतो.

नाताळबाजारांचे वेळापत्रक ॲडव्हेंटवर, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांवर, अवलंबून असते. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान कोणत्याही तारखेला येतो. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा बाजार परंपरेने त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला मिटतो. या हिशेबाने तो २०२६ मध्ये २७ नोव्हेंबरला आणि २०२७ मध्ये २६ नोव्हेंबरला उघडेल, पण २०२८ मध्ये मात्र त्यासाठी १ डिसेंबर उजाडावा लागेल. शेवटचा दिवस ठरलेला असल्याने त्या वर्षी बाजार तितके दिवस कमी भरतो, आणि नोव्हेंबरअखेरीस पोहोचणाऱ्याला लाकडी दुकाने उभारण्याचे काम तेवढे पाहायला मिळते. कोलोनमध्ये कॅथेड्रलच्या पायथ्याशी भरणारा बाजार २३ डिसेंबरला आवरतो, तर प्रागच्या जुन्या शहराच्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत चालतो. प्रत्येक शहराच्या तारखा त्याच्या अधिकृत पर्यटन कार्यालयाकडून पडताळून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

क्रूझच्या बाजूने पाहिले, तर अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कॅरिबियन समुद्रातली हवा क्रूझसाठी उत्तम असते. याच महिन्यांत दक्षिण पॅसिफिकमध्ये, म्हणजे फिजी आणि व्हानुआतूच्या परिसरात, चक्रीवादळांचा हंगाम सुरू असतो. त्यामुळे नाताळबाजारांना जोडून क्रूझ करायची असेल, तर मी कॅरिबियनलाच पसंती देईन. तिथेही भाड्यात मोठा चढउतार असतो. नाताळ आणि नववर्षाचे आठवडे सर्वांत महाग पडतात, तर डिसेंबरचा पूर्वार्ध आणि नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा जानेवारी हे दिवस तुलनेने स्वस्त असतात.

यातून दोन आराखडे निघतात. पहिल्यात बाजार उघडताच तिथे हजर व्हायचे आणि नाताळाची गर्दी जहाजांवर पोहोचण्यापूर्वी क्रूझ उरकायची. दुसऱ्यात डिसेंबरचा उत्तरार्ध बाजारांना द्यायचा आणि क्रूझ जानेवारीत करायची. दुसरा आराखडा ऐसपैस वाटतो, पण जर्मनीत २४ डिसेंबरच्या दुपारपासून दुकाने बंद होतात, २५ आणि २६ तारखेला सार्वजनिक सुट्टी असते आणि सगळे शहर आपापल्या घरी जाते. एकट्या प्रवाशाला ते तीन दिवस जड जाऊ शकतात. त्या काळात प्रागसारख्या जागत्या शहरात मुक्काम ठेवावा आणि खाण्यापिण्याची सोय आधीच करून ठेवावी. मला पहिला आराखडा अधिक भावतो. २०२६ च्या तारखा घेतल्या, तर २७ नोव्हेंबरला न्यूरेंबर्गच्या फ्राउएनकिर्शे या चर्चच्या सज्जातून होणारे उद्घाटन पाहता येईल. त्यानंतर ड्रेस्डेनला जाऊन दुसऱ्या ॲडव्हेंटच्या आदल्या दिवशी, म्हणजे ५ डिसेंबरला, होणारा श्टोलन केकचा उत्सव गाठता येईल. मग एल्बे नदीच्या काठाने जाणाऱ्या रेल्वेने प्रागला जायचे, ९ तारखेच्या सुमारास अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या मायामी बंदरावर पोहोचायचे आणि १२ डिसेंबरच्या शनिवारी सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर चढायचे. १९ तारखेला आपण पुन्हा बंदरावर असतो.

आता तिकीट. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या दोन्ही संघटना पृथ्वीप्रदक्षिणेचे एकत्रित तिकीट देतात. भाडे ठरवण्याची पद्धत तिकिटागणिक बदलते: काहींत एकूण किती मैल उडणार ते मोजतात, काहींत किती खंडांना पाय लागणार ते. मूळ अटी मात्र सारख्याच आहेत. प्रवास एकाच दिशेने, पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, करावा लागतो, अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर ओलांडावे लागतात, आणि ज्या देशातून निघालो त्याच देशात परतावे लागते. आपल्या बेताला पश्चिमेची दिशा सोयीची पडते, कारण युरोप, कॅरिबियन, पॅसिफिक हा क्रम ऋतूंशी जुळतो. शिवाय पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि बहुतेकांच्या शरीराला तो बदल दिवस आखडण्यापेक्षा कमी त्रास देतो. तिकीट घेण्यापूर्वी एका नियमाचा नीट विचार करावा: एखाद्या टप्प्याचे विमान न कळवता चुकवले, तर पुढच्या टप्प्यांची सगळी कूपने, म्हणजे उरलेले तिकीट, रद्द होऊ शकतात. म्हणूनच ज्या बंदरावरून निघाली तिथेच परत येणारी क्रूझ निवडावी. उतरण्याचे विमानतळ आणि पुढे निघण्याचे विमानतळ वेगळे असले, तर मधला जमिनीवरचा टप्पाही तिकिटाच्या हिशेबात धरला जाऊ शकतो.

एकट्याला सर्वांत खटकणारा खर्च क्रूझच्या केबिनचा असतो. जहाजांवरचे भाडे दोन माणसे एका केबिनमध्ये राहणार असे धरून लावलेले असते, त्यामुळे एकट्याकडून अनेकदा जवळपास दोघांचे भाडे घेतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर १२८ एकेरी स्टुडिओ केबिन आणल्या, आणि त्यानंतर इतर कंपन्यांनीही हा मार्ग धरला. त्या केबिनला बाहेर उघडणारी खिडकी नसते, जागा जेमतेम १०० चौरस फूट असते, पण एकट्यांसाठी राखलेली बसण्याची स्वतंत्र खोली मिळते आणि ओळखी तिथेच होतात. अशा केबिन थोड्या असतात आणि लवकर भरतात, त्यामुळे आधी केबिन पक्की करावी आणि मगच तिच्याभोवती विमानांच्या तारखा बसवाव्यात. भाड्याची तुलना करताना रोजची सेवाटीप, इंटरनेट आणि बंदरांचे कर धरून येणारी एकूण रक्कम पाहावी. एकेरी केबिन स्वस्तच असेल असे गृहीत धरू नये, कारण कधीकधी साध्या आतल्या केबिनचे दुप्पट भाडेही तिच्यापेक्षा कमी भरते.

व्हिसाच्या कामाला किमान सहा महिने आधी लागावे. ज्यांच्या पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्यांनी तो अर्ज सर्वांत आधी करावा, कारण मुलाखतीची तारीख मिळायला बराच काळ लागू शकतो. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी प्रवेशाची परवानगी लागते. क्रूझ अमेरिकेतून निघून पुन्हा तिथेच येत असल्याने व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा. युरोपातल्या बहुतेक देशांना सामायिक असलेल्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो, आणि ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडेच तो करावा लागतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा जोडावा लागतो. हाच विमा पुढे जहाजावरही चालेल असे समजू नये. जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल वेगळे येते आणि गंभीर आजाऱ्याला समुद्रातून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च प्रचंड असतो, म्हणून विम्यात क्रूझचा आणि अशा स्थलांतराचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही ते वाचून घ्यावे. जहाज ज्या ज्या बेटांवर थांबणार, त्या प्रत्येकाचे प्रवेशनियम आणि पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो का, हेही क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष बाजारात पोहोचल्यावर वेळ महत्त्वाची ठरते. डिसेंबरच्या आरंभी ड्रेस्डेनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बाजार खरा खुलतो तो त्यानंतर. शनिवार-रविवारी गर्दी इतकी असते की लोंढा नेईल तिकडे जावे लागते, म्हणून मोठ्या बाजारांसाठी सोमवार ते गुरुवार राखून ठेवावेत. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गचा बाजार १५७० पासूनचा आहे. नावाजलेल्या बाजारांपैकी दोन-तीन निवडून प्रत्येक ठिकाणी दोन-तीन संध्याकाळी घालवाव्यात. रोज नवे शहर गाठण्याच्या घाईत सगळे बाजार एकमेकांत मिसळून जातात.

ग्लूवाइन, म्हणजे मसाला घालून गरम केलेली वाइन, चिनी मातीच्या पेल्यात मिळते आणि पेल्याची अनामत किमतीत धरून आधीच घेतात. पेला परत केला की ती सुटी नाणी हातावर येतात, आणि पेला ठेवून घेतला की तीच त्याची किंमत होते. अनेक ठिकाणी पेल्यावर शहराचे चित्र आणि त्या वर्षाचा आकडा असतो, त्यामुळे आठवण म्हणून त्याच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. मद्य न घेणाऱ्यांसाठी किंडरपुन्श हे फळांच्या रसाचे गरम पेय असते. बसायला बाके फारशी नसतात, छातीइतक्या उंच गोल टेबलांभोवती सगळे उभ्यानेच खातात-पितात, आणि तिथे जागा आहे का असे विचारून अनोळखी माणसांशेजारी उभे राहणे अगदी रीतीचे आहे. हातमोजे काढून तो गरम पेला दोन्ही तळव्यांत धरला की समोरचा माणूस आपणहून बोलू लागतो. एकट्या प्रवाशासाठी उपाहारगृहातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलापेक्षा ही जागा कितीतरी बरी.

खरेदी मात्र पुढचा मार्ग डोळ्यांसमोर ठेवून करावी. जर्मनीच्या एर्झगेबिर्ग या डोंगराळ भागातली लाकडी खेळणी हलकी असतात आणि टिकतात. हर्नहुट या जर्मन गावाचा कागदी तारा सुट्या टोकांचा संच म्हणून खोक्यात मिळतो आणि घरी गेल्यावर जोडायचा असतो, म्हणून तो सामानात सहज मावतो. काचेचे गोळे लोकरी मोज्यांत गुंडाळून पेल्याच्या पोटात ठेवावेत. मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेऊ नयेत आणि खाण्याची प्रत्येक वस्तू सीमाशुल्क तपासणीत जाहीर करावी. परतीच्या वाटेवर ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड असेल, तर लाकडी वस्तूही जाहीर कराव्या लागतात.

युरोप सोडण्याचा दिवस आणि जहाज सुटण्याचा दिवस यांत किमान दोन रात्री मोकळ्या ठेवाव्यात. २ डिसेंबर २०२३ रोजी बर्फवृष्टीमुळे म्युनिकचा विमानतळ बंद पडला होता, आणि असा दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. जहाज थांबत नाही. मायामीला जहाज चुकले आणि पुढचे बंदर ‘की वेस्ट’ हे अमेरिकी बेट असले, तरी तिथे जाऊन चढण्याची परवानगी सहसा मिळत नाही, कारण परदेशी ध्वजाच्या जहाजाने दोन अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी नेण्यावर १८८६ च्या कायद्याने बंधन घातले आहे. या दोन रात्रींचा दुसराही उपयोग होतो: जर्मनी आणि मायामी यांच्या वेळेतला सहा तासांचा फरक अंगवळणी पडतो, लोकरीचे कपडे धुऊन होतात आणि जाड कोट हवा काढलेल्या पिशवीत दाबून बॅगेच्या तळाशी जातो. बॅग केबिनच्या पलंगाखाली सरकेल एवढीच असावी.

उष्ण प्रदेशासाठीच्या सामानातही काही गोष्टी पाळाव्या लागतात. बार्बाडोस, जमैका आणि सेंट लुसियासह अनेक बेटांवर लष्करी छापाचे कपडे घालणे कायद्याने मना आहे. अरुबा, बोनेअर आणि अमेरिकी व्हर्जिन बेटांवर प्रवाळांच्या रक्षणासाठी ऑक्सिबेंझोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनला बंदी आहे. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारी सोय, असलेली एक्स्टेंशन बोर्डे आगीच्या भीतीने जहाजावर जप्त होतात.

जहाजावर पहिल्या दिवशी सुरक्षा कवायत असते, ती मनापासून करावी आणि आपले जमण्याचे ठिकाण पायांनी चालत जाऊन पाहून घ्यावे. जेवणासाठी सामायिक टेबल आरक्षणाच्या वेळीच मागावे. बेटावर उतरण्यापूर्वी दैनंदिन पत्रकावरील परतण्याची वेळ आणि बंदरातल्या जहाजप्रतिनिधीचा फोन क्रमांक यांचा फोटो काढून ठेवावा. जहाजाचे घड्याळ आणि बेटाचे घड्याळ यांत तासाचा फरक असू शकतो, म्हणून मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि फोनला आपोआप वेळ बदलू देऊ नये. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, स्वतंत्रपणे फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. स्वतः फिरायचे असेल, तर परतण्याच्या वेळेआधी दोन तास बंदराजवळ यावे. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी जहाज समुद्रात नांगरते आणि लहान बोटींनी ये-जा करावी लागते, तिथे रांगेचाही वेळ धरावा.

क्रूझ संपते त्या दिवशी दुपारी एकच्या आधीचे विमान घेऊ नये, कारण उतरणे, सीमाशुल्क आणि विमानतळ गाठणे यांत सकाळ निघून जाते. त्यापुढे पॅसिफिक ओलांडताना आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पश्चिमेकडे जाताना एक अख्खी तारीख गळते: २२ डिसेंबरच्या रात्री लॉस एंजेलिसहून निघालेला प्रवासी सिडनीला २४ च्या सकाळी पोहोचतो. तिथल्या हॉटेलची नोंदणी २३ तारखेच्या रात्रीपासून करावी आणि सकाळी लवकर येणार असल्याचे कळवून ठेवावे, म्हणजे पोहोचताच खोली मिळते.