दोन अक्षरी शब्दांची बाराखडी: स्क्रॅबल शिकणाऱ्यांसाठी

स्क्रॅबल म्हणजे गुण छापलेल्या अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. तो नव्याने खेळू लागलेला माणूस हमखास लांब शब्दांच्या मागे लागतो. शब्दसंग्रह चांगला असला की झालं, असं त्याला वाटतं. मग समोरचा खेळाडू कुठल्याशा कोपऱ्यात तीन-चार टाइल्स चिकटवून तीस गुण घेऊन जातो आणि याला ती चीटिंग वाटते. ती चीटिंग नसते. समोरच्याला दोन अक्षरी शब्द पाठ असतात, एवढंच.

बोर्डवर आडवा 'बोन' आहे असं धरा: बी-ओ-एन-ई. तुमच्याकडे ए, एक्स, ई, डी आहेत. त्यांचा 'ॲक्स्ड' होतो. हा शब्द 'बोन'च्या बरोबर खालच्या ओळीत, अक्षराखाली अक्षर येईल असा लावा. आता वरून खाली वाचा: बी-ए, ओ-एक्स, एन-ई, ई-डी. चारही शब्द ग्राह्य आहेत. 'ॲक्स्ड'चे १२, बी-ए चे ४, ओ-एक्स चे ९, एन-ई चे २, ई-डी चे ३. गुण वाढवणाऱ्या रंगीत घरांचा हिशेब न धरताही एकूण ३०. नुसत्या 'ॲक्स्ड'चे १२च मिळाले असते. एक्सचे ८ गुण दोनदा मोजले गेले, सगळी गंमत तिथे आहे.

हाच शब्द 'बोन'च्या वरच्या ओळीत लावून बघा. ए-बी चालतो, ई-एन चालतो, डी-ई चालतो. पण दुसऱ्या खांबात एक्स-ओ येतो, आणि तो शब्दच नाही. एका खांबामुळे अख्खी खेळी उचलावी लागते. म्हणून 'ओ आणि एक्स जमतात' एवढं माहीत असून भागत नाही, आधी कोण आणि मागे कोण हे पक्कं हवं.

पाठांतराला बसण्याआधी शब्दकोश ठरवा. भारतातल्या स्पर्धांत कॉलिन्स या प्रकाशकाची ग्राह्य शब्दांची यादी चालते. तिच्यात २०१९ साली ओ-के, ई-डब्ल्यू आणि झेड-ई आले आणि दोन अक्षरी शब्द १२७ झाले. अमेरिकी यादीत १०७ आहेत. फरकाच्या २० शब्दांत सी-एच, जे-ए, झेड-ओ, झेड-ई, आय-ओ असे कामाचे मोहरे आहेत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये कोणती यादी निवडलेली आहे ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. अमेरिकी यादीवर सराव केलेला खेळाडू पार्ल्याच्या एखाद्या घरगुती स्पर्धेत जे-ए बघून चॅलेंज करतो, म्हणजे शब्दावर आक्षेप घेतो, आणि फुकट गुण घालवतो. उलटही होतं.

पाठांतराची नेहमीची पद्धत म्हणजे छापील यादी ए पासून वाचत जाणं. ती फसते. ए चे सोळा शब्द तोंडपाठ होतात, ओ पर्यंत दम लागतो, टी-यू-वाय कच्चे राहतात. शिवाय बोर्ड तुम्हाला यादी विचारत नाही. तो विचारतो, 'या ई च्या आधी काय बसेल?' वर्णक्रमाच्या यादीत याचं उत्तर सापडायला वेळ लागतो.

त्यापेक्षा आपली बाराखडी मांडा. एका कागदावर डाव्या बाजूला इंग्रजी व्यंजनं उभी लिहा आणि वर ए, ई, आय, ओ, यू असे पाच रकाने करा. जो शब्द आहे तिथे टिंब, जो नाही तिथे लाल फुली. या तक्त्यात ५७ शब्द बसतात. एम ची ओळ पूर्ण भरते: एम-ए, एम-ई, एम-आय, एम-ओ, एम-यू. पाचही स्वर घेणारं व्यंजन हे एकच. बी, डी, एच, पी, टी यांना यू सोडून बाकी चारही लागतात. एन ला आय लागत नाही, वाय लाही नाही. आर ला फक्त ई, क्यू ला फक्त आय. सी आणि व्ही यांच्या ओळी कोऱ्या. आडवं वाचलं की 'पुढे काय' कळतं, उभं वाचलं की 'आधी काय'. लक्षात ठेवायच्या असतात त्या फुल्या. त्या टिंबांपेक्षा कमी आहेत आणि खेळताना घात त्याच करतात.

मराठी माणसाला इथे एक आयती सोय आहे आणि तिच्यातच एक सापळाही आहे. मी, ती, तो, ते, हे, ही, हो, ना, का, की, ये, या, जा, दे, ला, रे, आई: सरळ रोमन लिपीत लिहिले तर सगळे ग्राह्य. अर्थ अर्थातच वेगळे. ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, के-ए म्हणजे प्राचीन इजिप्तमधली आत्म्याची कल्पना. पण टी-यू नाही. जी-ए नाही, एल-ई नाही, ई-के नाही. सरगमचंही तसंच. रे, म, प चालतात (आर-ई, एम-ए, पी-ए). सा, ग, नी चालत नाहीत. डो-रे-मी मात्र सगळी चालते. हे अपवाद तक्त्यावर मोठ्या फुलीने दाखवा, कारण घाईत हात आपोआप तिकडेच जातो.

स्वरापासून सुरू होणारे शब्द ६०. ते वेगळ्या कागदावर. त्यातले दहा निव्वळ स्वरांचे आहेत: ए-ए, ए-ई, ए-आय, ई-ए, ई-ई, आय-ओ, ओ-ई, ओ-आय, ओ-ओ, ओ-यू. रॅकवर, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, पाच स्वर तुंबले की हे दहा शब्द निचऱ्याचं काम करतात. उरलेले दहा ए-ई-आय-ओ-यू शिवायचे: बी-वाय, एफ-वाय, के-वाय, एम-वाय, एन-वाय, सी-एच, एस-एच, एस-टी, एच-एम, एम-एम. सत्तावन्न, साठ आणि दहा, झाले १२७. यातले चाळीसेक शब्द शाळेपासून माहीत असतात. म्हणजे नवे ऐंशीच्या आसपास. रोज पंधरा घेतले, आदल्या दिवशीचे आधी म्हटले, तर आठवड्यात यादी एकदा डोक्यातून जाते. पक्की व्हायला पुढचे दोन-तीन आठवडे दिवसाआड उजळणी लागते. तक्ता पास ठेवायच्या कव्हरात मावेल एवढा करून स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घ्या, नाहीतर जुलैच्या पावसात लगदा.

गर्दीच्या लोकलमध्ये कागदही काढता येत नाही. तिथे स्टेशनांच्या इंग्रजी पाट्या वापरा. पाटीवरच्या शेजारच्या दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करत जा आणि प्रत्येकीला मनात 'हो' किंवा 'नाही' म्हणा. दादर: डी-ए, ए-डी, डी-ए, ए-आर. चारही बरोबर. परळ: पी-ए, ए-आर, आर-ई, ई-एल. पुन्हा सगळे बरोबर. शीवच्या पाटीवर एस-आय, आय-ओ, ओ-एन, तेही बरोबर. माहीमला शेवटी आय-एम येतो, तो बाद. वडाळ्याला पहिलाच डब्ल्यू-ए बाद, पुढचे चारही चालतात. विरारला फक्त शेवटचा ए-आर टिकतो. मुलुंडला एम-यू आणि यू-एन, बाकी कचरा. कल्याण ते सीएसएमटी स्लो गाडीत हा सराव भरपूर होतो, आणि तो यादी घोकण्यापेक्षा बरा, कारण 'नाही' म्हणायचीही सवय लागते.

अर्थ पाठ करावेत का? जिंकायला गरज नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. २०२४ साली स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केलं. तरी अर्थ माहीत असला की शब्द चिकटून बसतो. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर, एक्स-यू म्हणजे व्हिएतनामी नाणं, ए-ए म्हणजे खडबडीत लाव्हा. जिथे शब्द निसटतो तिथेच अर्थ बघा, सगळीकडे नको.

जड टाइल्सचे शब्द आधी पक्के करा. क्यू साठी एकच, क्यू-आय. झेड साठी झेड-ए, झेड-ई, झेड-ओ. झेडवर संपणारा एकही नाही. जे साठी जे-ए, जे-ओ. एक्स सगळ्यात लवचीक: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. के वर संपणारा फक्त ओ-के. क्यू जर ट्रिपल लेटरवर, म्हणजे अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरावर, पडून आडवा आणि उभा असा दोन्हीकडे क्यू-आय झाला, तर ३१ आणि ३१, म्हणजे ६२ गुण. म्हणून ट्रिपल लेटरच्या शेजारी उघडा आय किंवा ए सोडताना दोनदा विचार करा. क्यू आणि झेड अजून पिशवीत असतील तर सोडूच नका.

सी आणि व्ही यांचा उपयोग उलटा आहे. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द नाहीच, आणि सी चा फक्त सी-एच. त्यामुळे व्ही ला लागून समांतर शब्द लावताच येत नाही. पुढे असाल तर व्ही आणि सी असलेले शब्द टाकून बोर्ड बंद करा. मागे असाल तर ते लवकर काढून टाका, पण मोकळ्या भागात नको.

यादी पाठ झाल्यावर एक नवा रोग जडतो: सापडेल तिथे दोन अक्षरी शब्द टाकत सुटणं. सात-आठ गुणांच्या खेळ्या होत राहतात आणि रॅकवरची अडचणीची टाइल तांदळातल्या खड्यासारखी तशीच राहते. दोन अक्षरी शब्द हा जोड आहे. त्याच्या आधाराने चार-पाच टाइल्सचा शब्द समांतर बसवायचा, किंवा सातही टाइल्स लावून ५० चा बोनस घ्यायला जागा काढायची. एस फक्त चार आहेत आणि ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणाऱ्या कोऱ्या टाइल्स, दोन. एस मुळे निदान आठ-दहा गुण जास्त मिळत नसतील तर तो ठेवा.

शेवटच्या दहा मिनिटांत या यादीची खरी किंमत कळते. पिशवी रिकामी झाली आणि तुमच्याकडे क्यू अडकला, तर समोरच्याच्या टाइल्स संपताच २० गुणांचा फरक पडतो. एक मोकळा आय शिल्लक ठेवलेला असेल तर तो टळतो. समोरच्याला हे कळत असेल तर तो आय बुजवेल. म्हणून दुसरा हेरून ठेवा.

तीन अक्षरी शब्द तेराशेच्या वर आहेत. ते सरसकट घोकू नका. प्रत्येक दोन अक्षरी शब्दाच्या आधी आणि नंतर काय लागतं तेवढंच तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहा: क्यू-आय ला मागे एन किंवा एस, झेड-ए ला जी, पी, एस किंवा एक्स. मग यू शिवायचे क्यू चे शब्द घ्या. क्यू-ए-टी आहेच. 'वक्फ' डब्ल्यू-ए-क्यू-एफ असा चालतो, आणि तो आपल्याकडे रोज पेपरात दिसतो.