वर्गात १९३७ ची निवडणूक भरवण्याआधी

टोप्या, घोषणा, खोक्याची मतपेटी हे सगळं मुलं आणतातच. त्यात वेळ घालवू नका. आधी मतदार यादी करा. गेल्या वर्षी नववीत मुंबई प्रांताची १९३७ ची निवडणूक भरवली आणि चाळीसच्या चाळीस जणांना चिठ्ठ्या वाटून मोकळा झालो. तास रंगला, पण झाली ती आजची निवडणूक. शेवटी एकीनं विचारलं, "सर, सगळ्यांना मत होतं, तर मग तक्रार कशाची होती?" काय सांगणार, कपाळ?

तर यादी. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मत द्यायला नुसती एकवीस वर्षं पुरी होऊन भागत नसे. शेतसारा, घरभाडं, प्राप्तिकर, शिक्षण, असं काहीतरी दाखवावं लागे. मतदार होते एकूण लोकसंख्येच्या १४ टक्क्यांच्या आसपास. हे १४ टक्के लहानांसकट लोकसंख्येचे, आणि मुलं मोठ्यांच्याच भूमिका करणार, म्हणून चाळिसांत दहा-बारा मतदार धरा. आदल्या दिवशी प्रत्येकाला भूमिका लिहून द्या: भूमिहीन शेतमजूर, सावकार, मॅट्रिक झालेला कारकून, गिरणी कामगाराची बायको. यादीत नाव नाही तो रांगेबाहेर. रुसतील, रुसू द्या. दया येऊन एकही जादा चिठ्ठी देऊ नका, तिथंच सगळं फसतं.

नकाशा मुंबई प्रांताचा लावा, महाराष्ट्राचा नव्हे. अहमदाबाद, धारवाड आत. कोल्हापूर संस्थान आणि निजामाकडचा मराठवाडा बाहेर. विदर्भ मध्य प्रांतात. सिंध १९३६ लाच वेगळा झालेला.

लढत भायखळा-परळची घ्या, मुलांना हमखास आवडते. स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब आणि समोर काँग्रेसचे पाळवणकर बाळू, होय, तेच डावखुरे फिरकी गोलंदाज. मतं १३,२४५ विरुद्ध ११,२२५. इथं एक मेख आहे: मतदारसंघात जागा जितक्या तितकी मतं एका मतदाराला, आणि हवं तर ती सगळी एकाच उमेदवाराला. हे फळ्यावर सोडवून दाखवा, नाहीतर बेरीज जुळत नाही म्हणून गोंधळ होतो.

मुस्लिम मतदारसंघ, म्हणजे जिथं मतदार आणि उमेदवार दोघेही मुस्लिम, तो वेगळा ठेवा. बोटाला शाई नको, ती १९६२ ची.

निकाल थोडक्यात: १७५ जागा, काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष, तरी आधी काँग्रेसबाहेरच्या कूपर यांचं मंत्रिमंडळ, जुलैत काँग्रेसच्या खेर यांचं. घंटा होतेच तेवढ्यात.

यादी केलीत ना?