गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना या चुका टाळा

पावसाळा सरला की गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आपल्या विदर्भातील असे ताळेबंद वाचताना मला एक दोष वारंवार आढळतो. एका वावरात, एका विहिरीत किंवा एका दिवशी मोजलेला आकडा साध्या गुणाकाराने साऱ्या शिवाराला आणि साऱ्या हंगामाला लावलेला असतो.

पहिली चूक पावसाच्या बेरजेची आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एका हेक्टरवर ते 650 घनमीटर पाणी होते. मात्र हेच पाणी दिवसभराच्या झडीतून पडले की तासाभराच्या सरीतून, यावर ते किती मुरणार आणि किती वाहून जाणार हे ठरते. शिवाय मृगाच्या सुमारास काळ्या जमिनीच्या भेगा पहिल्या सरी गिळून टाकतात, आणि पोळ्यापर्यंत तीच जमीन फुगून भेगा मिटलेल्या असतात. त्यामुळे जूनमध्ये मोजलेले अपधावेचे, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याचे, प्रमाण ऑगस्टला लावले, तर शेततळ्याचे आणि बांधांचे सारे गणित कोलमडते. प्रत्येक पावसाची सुरुवातीची व शेवटची वेळ लिहून ठेवावी आणि भेगा मिटण्यापूर्वीचा काळ वेगळा धरावा. मंडळातील एकाच पर्जन्यमापकावर विसंबू नये, कारण वादळी पावसात नाल्याच्या एका काठाला चिखल आणि दुसऱ्या काठाला धूळ, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

पुराच्या बाबतीतही क्षेत्र दुप्पट म्हणजे पूर दुप्पट, असा समज असतो. मध्य भारतात वापरल्या जाणाऱ्या डिकन्सच्या सूत्रात पुराचा कमाल प्रवाह पाणलोट क्षेत्राच्या तीन-चतुर्थांश घातानुसार वाढतो, म्हणजे क्षेत्र 16 पट झाले तर प्रवाह 8 पटच होतो. नाल्याचा पूर काही तासांत ओसरतो. वैनगंगेचा पूर मात्र दिवसांच्या हिशेबाने येतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस भंडाऱ्यात शिरलेले पाणी मुख्यतः वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात झालेल्या पावसाचे होते. गावातला पाऊस मोजून त्याचा अंदाज आला नसता.

सर्वांत महागात पडते ती विहिरीच्या पातळीची चूक. पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी खाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे, आणि त्याच्या झिजलेल्या थरातून उपसता येणारे पाणी आकारमानाच्या साधारण 2 टक्केच धरले जाते. एका हेक्टरखालची पातळी 1 मीटरने चढली, तर साठा 10,000 नव्हे, केवळ 200 घनमीटरने वाढतो. विहीर 5 मीटर भरली म्हणून समाधान मानणाऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीत प्रत्यक्षात 100 मिलिमीटर एवढेच पाणी मुरलेले असते, आणि त्या भरवशावर ओलिताचा पेरा वाढवला की फाल्गुनातच विहीर तळ गाठते. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या थरांना हा 2 टक्क्यांचा आकडा लावू नये. तेथील खारे पाणी तर वेगळ्याच रकान्यात मांडावे लागते.

म्हणून चढावरच्या, मधल्या आणि नाल्याकाठच्या किमान एकेका विहिरीची नोंद ठेवावी. ती पावसाळ्यानंतर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये, सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी घ्यावी. उपशानंतर लगेच मोजलेली पातळी त्या एका विहिरीची असते, शिवाराची नसते.